बोट चढवायला लागणारा वेळ

पाण्यात असली की आमची बोट एका बोटाने ढकलावी इतकी हलकी. जमिनीवर आली की तिच्याइतकं हट्टी जनावर साऱ्या मराठवाड्यात सापडलं नसतं.

मी नगरपालिकेच्या अग्निशमन विभागात आहे. आमचं शहर लहान, नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेला, उदगीरकडे रस्ता जातो त्या अंगाला. वर्षातले नऊ-दहा महिने आम्ही सोयाबीनच्या गंजी आणि कडब्याच्या गाड्या विझवतो. उरलेले दिवस पुराचे. पहिल्यांदा बोट आली तेव्हा चौकातल्या पानटपरीवर लोक पोट धरून हसले होते. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरमागे घागरी पळतात तिथे बोट कशाला, असं त्यांचं म्हणणं. दोन पावसाळ्यांनंतर कोणी हसेनासं झालं.

बोट चांगली होती, फायबरची, मागे इंजिन बसवलेली. खोट तिच्या ट्रेलरमध्ये होती. ज्याने तो बनवला त्याचा जन्म ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्यात गेला असावा. कमरेइतका उंच, वरून सपाट पत्रा. उसाला उत्तम. बोट मात्र पाण्यातून ओढायची, काठावरच्या काळ्या चिखलातून वर आणायची आणि मग कमरेइतकी उचलून त्यावर ठेवायची. त्याला आठ दणकट माणसं लागत, आणि आमच्या पथकात आम्ही होतो चार. मी, ड्रायव्हर आणि दोन पोहणारे. मी आमच्या विभागाच्या साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "गावात काय माणसांची कमी आहे? पूर बघायला सगळं गाव जमलेलं असतं."

ते खोटं नव्हतं. प्रत्येक काठावर शे-दीडशे माणूस फोन वर करून उभा असायचा, आणि हाक मारली की वीस हात धावून यायचे. कोणी चहाची किटली आणायचं, कोणी इंजिनाला हात लावून नमस्कार करायचं. आमची सगळी यंत्रणा त्या वीस हातांवर उभी होती आणि मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. तोवर आम्ही बोटीतून जिवंत माणसंच काढली होती.

मग तो सप्टेंबर आला. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. मन्याड नदीच्या काठावरच्या एका गावाजवळ फरशी पुलावरून एक मोटारसायकलवाला वाहून गेला होता, दुसऱ्या कुठल्या गावचा. सकाळी आठच्या सुमाराला तो आम्हाला बेशरमीच्या झुडपात अडकलेला सापडला. त्याला बोटीत घेतलं, काठाला आणलं, रुग्णवाहिकेत ठेवलं. आणि तेवढ्यात फोन आला.

लेंडी नदीच्या काठावरचं गाव. फोनवर एक म्हातारा माणूस. त्याचा मुलगा, तिशीतला, लग्न झालेला, नदीवरची पाण्याची मोटार काढायला गेला होता आणि पाणी एकदम चढलं म्हणून बाभळीवर चढून बसला होता. पाणी अजून वाढत होतं. गाडीने आम्हाला तिथे पोचायला पाऊण तास लागला असता.

"साहेब, निगाला का?" त्याने विचारलं.

"निघालो," मी म्हणालो.

आपल्याकडे निघालो म्हणजे माणूस चप्पल शोधायला उठला. लग्नाला जाताना, दवाखान्यात जाताना, स्टँडवर कोणाला आणायला जाताना आपण सगळे हेच म्हणतो आणि ऐकणाराही तेवढी सूट धरूनच ऐकतो. पण ज्याचा मुलगा झाडावर बसलाय तो गणवेशातल्या माणसाच्या शब्दात कुठली सूट धरणार? हे मला तेव्हा सुचलं नाही. मी फोन खिशात ठेवला आणि नेहमीसारखी हाक मारली, "या रे, हात लावा!"

एकही माणूस हलला नाही.

मला वाटलं, इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. इंजिन बंद करून पुन्हा हाक मारली. लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी एक वयस्क गृहस्थ दोन पावलं पुढे आले आणि जवळजवळ दिलगिरीच्या सुरात म्हणाले, "साहेब, मुडदा उतरलाय हिच्यातून. घरोघर महालक्ष्म्या बसल्यात. आज सोळा भाज्यांचा सैपाक हाय. हिला हात लावून घरात कसं जावं?"

आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे काय ते मला सांगायला नको. तीन दिवसांच्या माहेरवाशिणी त्या, त्यांच्यासाठी घरातल्या बायका महिनाभर राबतात. त्या गृहस्थांच्या तोंडावर कपट नव्हतं. त्यांना खरंच संकट पडलं होतं. पण पुढचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

"तिकडं वस्तीवरल्या पोरास्नी सांगावा धाडतो की. त्यांच्यात असलं काई नसतंय."

मी बौद्ध आहे. छप्पन सालानंतरच्या तिसऱ्या पिढीतला, सरकारी नोकरीतला, छातीवर नावाची पट्टी लावलेला. मेलेलं ढोर ओढायला माझ्या पणजोबाला ज्या आवाजात सांगावा जायचा तो आवाज मी ऐकलेला नव्हता. त्या सकाळी ऐकला. माझं डोकं फिरलं.

"कामून? तुमच्या हाताला काय झालंय?" मी विचारलं. "झाडावरचा माणूस कोणाचा आहे ते तरी इचारा. तुमच्यातलाच असंल."

मग जे व्हायचं ते झालं. कोणी म्हणालं गोमूत्र शिंपडू, कोणी म्हणालं पोलीस पाटलाला बोलवा. कोणी म्हणालं साहेब उगं जातीवर चाललेत. मी पण काही कमी बोललो नाही. मी जे बोललो त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. एवढंच, की मी बोलत होतो तोवर बोट चिखलात होती. ड्रायव्हर आणि दोघं पोहणारे तिला ओढायचा प्रयत्न करत होते. एका बाजूने उचलली की दुसरी बाजू रुतायची.

दुसरा फोन आला.

"साहेब, कुठवर आलात? हितं ट्रॅक्टरची टूब हाय, दोर हाय, पवणारे गडी हायेत. उतरावं का?"

"अजिबात कोणी उतरायचं नाही," मी म्हणालो. "आणखी एक जीव जाईल. आम्ही अर्ध्या वाटेत आहोत."

नियमाप्रमाणे हे बरोबरच होतं. प्रशिक्षणात आम्हाला हेच सांगतात, की गावकऱ्यांना पाण्यात उतरू देऊ नका. फक्त शेवटचं वाक्य नियमात नव्हतं. बोट माझ्यासमोर तीन पावलांवर होती.

वस्तीवरची माणसं शेवटी आलीच. मी बोलावलं नव्हतं, कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. सहा जण होते. त्यातले एक प्राथमिक शाळेत मास्तर, त्यांनी इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. कोणी काही विचारलं नाही. एक, दोन, तीन म्हणाले आणि बोट वर. पट्टे आवळताना मास्तर हळूच मला म्हणाले, "दादा, आमाला आधीच कामून न्हाई सांगितलं?" माझ्या रागाचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते त्यांना देण्यासारखं नव्हतं.

पहिल्या फोनपासून गाडी हलेपर्यंत सव्वा तास गेला होता.

लेंडीच्या काठावर पोचलो तेव्हा बाभळीचा शेंडा पाण्यावर होता आणि त्यावर कोणी नव्हतं. फोनवरचा म्हातारा मी लगेच ओळखला. धोतर भिजलेलं, बोडकं डोकं. तो रडत नव्हता. पाव घंट्याखालीच गेला, असं त्याने सांगितलं, एखाद्या एसटीबद्दल सांगावं तसं. मग विचारलं, "वाटंत काय झालं, साहेब?"

"रस्ता," मी म्हणालो. "अलीकडच्या पुलावर पाणी होतं. लांबचा वळसा घालून यावं लागलं."

पुलावर पाणी नव्हतं. आम्ही सरळ आलो होतो. ड्रायव्हरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडीचं फाळकं उघडायला निघून गेला.

तिसऱ्या दिवशी मुलगा सापडला, खाली दोन-अडीच किलोमीटरवर, आमच्याच बोटीला. त्या दिवशी बोट चढवायला हाक मारावी लागली नाही. म्हातारा, त्याचे भाऊ, पुतणे यांनीच खांदा दिला. पाळायचं असं त्यांच्या घरात काही उरलं नव्हतं.

दिवाळी गेली आणि मी त्या ट्रेलरच्या मागे लागलो. साहेबांची परवानगी मिळाली, कारण मी त्यांना सगळं फुकटात करून देतो म्हणालो होतो. उदगीरच्या रस्त्यावर एका मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान आहे. नांगर, पेरणीयंत्र, गेट, खिडक्या असली कामं करणारा माणूस. त्याला मी एवढंच सांगितलं, की ही बोट तीन माणसांना चढवता आली पाहिजे. तीनच. काठावरच्या कोणाचाही हात न लागता.

मिस्त्रीने विडी पेटवून ट्रेलरभोवती दोन चकरा मारल्या. म्हणाला, "तुमी बोट उचलून राहिलात, हेच चुकून राहिलं. बोटीला चढू द्या की."

सगळं काम या एका वाक्यात होतं. आधी आम्ही पत्रा कापून टाकला. सांगाडा खाली आणला आणि मधोमध बिजागरी बसवली. खिट्टी काढली की ट्रेलरची शेपटी आपसूक खाली झुकते, बैलगाडी सोडल्यावर मागे कलते तशी, आणि थेट पाण्यात जाते. मधल्या दांड्यावर रोलर लावायचे ठरले. पहिल्यांदा बोअरच्या केसिंग पाईपचे तुकडे लावले, ते दुसऱ्याच खेपेला तडकले. मग एका साखर कारखान्याच्या भंगारातून पट्ट्यावरचे रोलर मिळाले, बेअरिंगसकट. त्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या टुबेचं रबर चढवलं म्हणजे बोटीचं बूड खरवडणार नाही. पुढे हाताने फिरवायची विंच. तिचा पट्टा बोटीच्या नाकाला अडकवायचा आणि दांडा फिरवायचा. एवढं करूनही बोट तिरकी यायची आणि चाकावर चढून बसायची. तेव्हा दोन्ही बाजूंना उभे पाईप लावले. ते पाण्याच्या वर दिसतात, त्यांच्यामधून बोट घातली की ती वाकडी जाऊच शकत नाही.

ड्रायव्हर चाकं पाण्यात घालायला तयार नव्हता. बेअरिंग जातील म्हणून महिनाभर भांडला. शेवटी प्रत्येक वेळी पाण्यातून काढल्यावर ग्रीस भरायचं मी कबूल केलं. मार्च-एप्रिलमध्ये तलावात जेवढं पाणी उरलं होतं तेवढ्यात आम्ही रोज सराव करायचो. मी मोबाईलवर वेळ लावायचो. वीस मिनिटं. चौदा. अकरा. "आता ऑलिंपिकला न्यायचीय का बोट?" पोहणाऱ्यांपैकी एकाने विचारलं. सगळे हसले, ड्रायव्हर हसला नाही. म्हाताऱ्याला मी रस्त्याचं जे कारण दिलं ते त्याने एकट्याने ऐकलं होतं, मी तेवढ्या वेळासाठी का जीव काढतोय ते त्याला माहीत होतं. घरीसुद्धा मी सांगितलं नव्हतं. बायकोने एकदा विचारलं, की एवढं काय आहे त्या लोखंडात. मी म्हणालो, साहेबांचा हुकूम आहे.

ट्रेलरचं काम सुरू झालं त्याच दिवसांत तो म्हातारा ऑफिसात यायला लागला. आधी पंचनाम्याच्या नकलेसाठी आला. मी त्याला बसवलं, चहा दिला. पुढे काम नसलं तरी बाजाराच्या दिवशी येऊन पाच मिनिटं टेकायचा. मला त्याला काका म्हणायची सवय लागली. तो सूनबाईचं सांगायचा, नातवाच्या शाळेचं सांगायचा, आणि उठताना एकदा म्हणाला, "तुमी मनाला लावून घेऊ नका, साहेब. रस्त्यापुढं तुमचा काय इलाज?"

त्याने पुलाचा ध्यास घेतला होता. अलीकडचा पूल उंच झाला पाहिजे, म्हणजे आणखी कोणाचं पोरगं बोटीची वाट बघत जाणार नाही. तहसीलला अर्ज, जिल्ह्याला अर्ज. फेब्रुवारीत तो तहसील कचेरीसमोर तीन दिवस उपोषणाला बसला, एकटाच, एका घोंगडीवर. मी त्या रस्त्याने जाणं टाळलं. उपोषणानंतर तो आणखी एक कागद घेऊन माझ्याकडे आला. त्यात लिहिलं होतं, की त्या दिवशी पुलावर पाणी असल्यामुळे बचाव पथकाला पोचायला उशीर झाला. खाली साक्षीदार म्हणून माझ्या सहीला जागा सोडलेली होती.

"तुमच्या सहीला वजन हाय," तो म्हणाला.

मी सही केली. किती सहज केली याची मला आजही लाज वाटते. पेन त्याचंच होतं.

मे महिन्याच्या शेवटी प्रात्यक्षिक ठरलं. पावसाळ्याआधी दरवर्षी असतं, मंडप, माईक, पाण्याच्या बाटल्या. या वेळी साहेबांनी आसपासच्या पूरग्रस्त गावांच्या लोकांना मुद्दाम बोलावलं होतं. जागा होती लेंडीच्या बाजूचा एक तलाव. मला यादी दाखवली तेव्हा मी काकाच्या गावाचं नाव वाचलं आणि यादी परत दिली.

काका दुसऱ्या रांगेत बसला होता. स्वच्छ धोतर, मांडीवर अर्जांची पिशवी. मला बघून त्याने हात वर केला.

ड्रायव्हरने ट्रेलर मागे घेतला, मी खिट्टी काढली, शेपटी पाण्यात गेली. एका पोहणाऱ्याने बोट दोन पाईपांच्या मधून आत घातली, दुसऱ्याने पट्टा अडकवला, मी दांडा फिरवला. बोट रोलरवरून वर आली, खट् असा आवाज झाला, खिट्टी लागली. कोणाच्या कपाळावर घामसुद्धा आला नाही. सहा मिनिटं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला, खरं सांगतो, त्या क्षणापुरतं बरं वाटलं.

मग साहेबांनी माईक घेतला. ते मनापासून खूश होते. म्हणाले, "आमच्या जवानांनी हे स्वतः तयार केलंय. आधी काय परिस्थिती होती? गेल्या सप्टेंबरात मन्याडच्या काठावर ही बोट नुसती चढवायला सव्वा तास लागला होता. सव्वा तास! आज सहा मिनिटं."

त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी तो माझ्या अहवालातला एक आकडा होता, आणि तो मीच लिहून दिला होता, ट्रेलर बदलायची परवानगी मिळावी म्हणून. मी रांगेकडे पाहिलं नाही. विंचचा पट्टा उगाच सोडून पुन्हा गुंडाळला.

लोक चहाला उठले तेव्हा काका माझ्याजवळ आला. त्याने आधी ट्रेलर बघितला. एक रोलर हाताने फिरवला, तो बराच वेळ फिरत राहिला. मग विचारलं,

"मी फोन केला तवा बोट कुठं व्हती?"

"खाली," मी म्हणालो. "चिखलात."

"दुसऱ्या फोनाला?"

"तिथेच."

"पुलावर पाणी?"

"नव्हतं, काका."

त्याने मान हलवली. हिशोब जुळला की माणूस हलवतो तशी, सावकाश. मला वाटलं आता तो मारेल. त्याने मारावं असंच वाटत होतं. तो माझ्याकडे न बघता तलावाकडे बघत बोलला.

"दोर माझ्याच कमरंला बांधला व्हता. मी पवणारा हाय, साहेब, त्या नदीचा. तीनदा उतरलो असतो मी तवर. तुमी अर्ध्या वाटंत हाव म्हणला म्हून मी गाठ सोडली."

मंडपातून साहेबांची हाक आली. पत्रकार उशिरा पोचले होते, त्यांच्यासाठी बोट पुन्हा एकदा उतरवून चढवून दाखवायची होती.

आम्ही ती उतरवली आणि पुन्हा चढवली. या वेळी पाचच मिनिटं लागली. काका शेवटपर्यंत तिथेच उभा राहून बघत होता.